हात कोणी दाखवला

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट सांगते. आमच्या गेंटच्या घरी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते आणि समोर माझा नवरा वाउटर त्याच्या फोनवर माझी इंग्लंडची तिकिटं काढत होता. प्रवास आखणं हा माझा प्रांत. गाडी कुठे बदलायची, कुठल्या स्टेशनात खायला बरं मिळतं, मध्ये किती वेळ हाताशी ठेवायचा, हे मला कुणी शिकवू नये. वाउटरचं काम एवढंच, की मी सांगेन तिथे बोट दाबायचं.

"जाताना एक, येताना दोन," मी म्हणाले.

"तुझे बाबा खरंच येणार आहेत?"

"हो म्हणालेत."

"लॉर्ना, ते मागच्या वर्षीही हो म्हणाले होते. मग ऐन वेळी त्यांची कोबी काढायची राहिली."

"या खेपेला कोबी काढून आणेन आणि त्यांनाही आणेन. तू दोन दाब."

त्याने दोन दाबले.

माझे बाबा, विल्फ टायसन, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सँडगार्थ नावाच्या गावात एकटे राहत. गाव म्हणजे काय, खाजणाच्या कडेला रांगेत उभी राहिलेली मूठभर घरं. मोठ्या भरतीला पाणी कुंपणापर्यंत येतं, भिंतींना वर्षभर ओल असते. बाबांची छाती आधीच अधू. डॉक्टरांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की त्या घरात आणखी एक हिवाळा त्यांना झेपणार नाही. म्हणून ही घाई. दोन रात्री राहायचं, त्यांची बॅग भरायची आणि थंडी पडायच्या आत त्यांना घेऊन गेंटला यायचं.

"आणि एक नोव्हेंबरच्या आत परत," वाउटर म्हणाला. "आईबाबांच्या कबरीवर शेवंती ठेवायला मी एकटा गेलो, तर माझी बहीण वर्षभर ऐकवेल."

"आदल्या दिवशी घरात असू. बाबांसकट."

तो पुढे बोट फिरवत होता, मध्येच थबकला. "ही लँकेस्टरच्या पुढची गाडी... सगळ्या स्टेशनांपुढे वेळ दिलीय, सँडगार्थपुढे नुसती एक खूण आहे."

"तिथे मागितली तरच थांबते. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं. चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात दाखवायचा. दिसला हात तर थांबेल, नाही तर जाईल निघून."

"आपल्या बससारखं."

"अगदी आपल्या बससारखं. आणि नुसतेच उभे असाल, गाडी नको असेल, तर हातानं 'जा जा' करायचं. नाही तर ड्रायव्हर उगाच गाडी थांबवतो आणि शिव्या घालतो."

या हात दाखवण्यात माझ्या आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेत असताना मी त्या गाडीने यायचे. पुस्तकात डोकं खुपसलेलं, गार्डला सांगायचं हमखास विसरायचे आणि मग पुढच्या स्टेशनपासून खाजणाच्या वाटेने रडत घरी. शेवटी आईच रोज संध्याकाळी फलाटावर येऊन उभी राहायला लागली. हिरवा रेनकोट, डोक्याला रुमाल आणि उजवा हात समोर, तळवा खाली, जणू भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करतेय. गाडी थांबली की खिडक्यांतून मला शोधायची आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "लॉर्ना! उतर!" मी मेल्याहून मेल्यासारखी होत असे. पण एक होतं, मी विसरले तरी चालत होतं. आई होती.

ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. तेव्हा आम्ही मोटारीने, बोटीतून गेलो होतो. त्या छोट्या गाडीत मी नंतर बसलेच नव्हते.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. समुद्राखालून लंडन, लंडनहून उत्तरेला. खिडकीबाहेर पिवळी पडलेली झाडं, नांगरलेली शेतं. लँकेस्टरला दोन डब्यांची गाडी उभीच होती. तिच्यात बसले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. डाव्या हाताला ओहोटीचा चिखल लांबवर चमकत होता आणि त्यावरून रानहंसांचे थवे ओरडत चालले होते. दरवर्षी याच दिवसांत ते उत्तरेकडून येतात. लहानपणी मी त्यांना हात करायचे. मी बघत राहिले. बघता बघता सँडगार्थच्या अलीकडचं पडकं पंपघर झर्रकन मागे गेलं.

गार्डला सांगायचं राहिलं होतं.

पंचवीस वर्षं गेंटमध्ये काढली की असं होतं. तिथे गाड्या आपल्या आपण थांबतात. मी बॅग ओढत दाराशी धावले, गार्ड पलीकडच्या डब्यात, हाक पोचणार नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आणि तेवढ्यात ब्रेक लागले.

गाडी थांबली. दार उघडलं. जांभळ्या केसांची गार्ड मुलगी लगबगीने आली. "इथे उतरायचं होतं तुम्हाला? मग सांगायचं नाही का हो? बरं झालं फलाटावर कुणीतरी होतं."

मी उतरले. फलाटावर कुणी नव्हतं. एक बाक, एक आडोसा, गावाकडे जाणारं फाटक. एवढाच तो फलाट, लपायचं म्हटलं तर मांजरालाही जागा नाही.

ड्रायव्हरने पुढच्या खिडकीतून डोकं काढलं. "बाई चढल्या का?"

"कुठल्या बाई?" गार्डने विचारलं.

"हिरव्या रेनकोटवाल्या. हात दाखवला की त्यांनी!"

मुलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला, 'पुन्हा तेच' असं काहीसं, आणि त्याने खिडकी लावून घेतली. गाडी गेली. खाजणाकडून चिखलाचा आणि सडलेल्या शेवाळाचा वास आला. मला भीती वाटली, हे कबूल करते. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. कुणीतरी अजून माझी वाट पाहतंय, असं काहीसं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा चुलीपाशी खुर्चीत, डोक्यावर टोपी, मांडीवर घोंगडी. वर्षभरात निम्मे झाले होते. टेबलावर दोन कप होते, दोन्हींतला चहा गार.

"आलीस? थांबवली ना तिने?"

मी बॅग खाली ठेवली. "कोणी, बाबा?"

"विसरली असशील तू सांगायला. लहानपणापासून तशीच तू." ते हसले, हसता हसता खोकला आला आणि तो काही केल्या थांबेना. मी पाठ चोळत राहिले. बरगड्या हाताला लागत होत्या.

खोकला बसल्यावर ते म्हणाले, "प्रत्येक गाडीला जाते गं. मी म्हणतो, बस की घटकाभर. ऐकेल तर ती विनी कसली."

विनी म्हणजे माझी आई. एकटं राहून माणसाचं असं होतं, मी मनाशी म्हटलं. जायला हवंच यांना इथून. ड्रायव्हर काय म्हणाला, ते मी आठवायचं टाळलं. काम पुढे असलं की मला हे छान जमतं.

पण संध्याकाळी काय झालं ते ऐका. मी बटाटे सोलत होते. लांबून गाडीचा आवाज आला. बाबांनी मान वर केली आणि हळू आवाजात म्हणाले, "आता गप्प बस हं." गाडी जवळ आली... मंदावली... थांबली. एखादं दार उघडून मिटेल एवढा वेळ गेला. मग ती पुन्हा निघाली आणि आवाज खाजणात विरून गेला. घरात चुलीतल्या लाकडांची तडतड तेवढी होती. आणि मग मागच्या दाराबाहेर, फरशीवर, कुणीतरी बूट पुसतंय असा आवाज. एकदा. दोनदा.

"पोचली," बाबा म्हणाले.

मी सुरी हातात घेऊनच मागचं दार उघडलं. बाहेर कुणी नाही. निरभ्र आकाश, पावसाचा पत्ता नाही. दार लावलं आणि दारामागच्या खुंटीवर नजर गेली. आईचा हिरवा रेनकोट तिथेच टांगलेला होता. बाबांनी तो काढू दिला नव्हता. दुपारी मी त्याच्यावर माझा कोट अडकवला होता, तेव्हा तो खडखडीत कोरडा होता. आता त्याची फक्त उजवी बाही, मनगटापासून कोपरापर्यंत, निथळत होती. खाली फरशीवर टप... टप... डावी बाही कोरडी. बाकी सगळा कोट कोरडा.

मी फडकं आणून फरशी पुसली. दुसरं काय करणार? मी त्या घरातली मुलगी, फरशी ओली दिसली की पुसते.

दुसऱ्या दिवशी जॉइसमावशी आल्या. या आमच्या शेजारी, आईच्या मैत्रीण, सत्तरी ओलांडली तरी स्वतःची मोटार स्वतः चालवतात. हातात घरच्या लोण्याची वाटी आणि जिभेवर गावभरच्या बातम्या. बाबा झोपले होते. मी आडून आडून विषय काढला.

"अगं, आम्ही हल्ली हात दाखवतच नाही," त्या पाव कापत म्हणाल्या. "पाऊस असला तर मी आडोशात बसून राहते मुकाट. गाडी थांबते आपली. विनी असते ना."

"मावशी, तुम्ही पाहिलंय तिला?"

"मी? छे बाई. ड्रायव्हर लोकांना दिसते. आपल्याला कशाला दिसेल, आपण काय गाडी चालवतोय?" हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला हसू आलं. मग त्यांनी सुरी ठेवली आणि बाबांच्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज उतरवला. "पण विल्फ बरोबर असला की नाही थांबत."

"म्हणजे?"

"वसंतात त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी हात दाखवला, तो शेजारी उभा. गाडी आली आणि गेली. पुन्हा दुसरी, तीही गेली. शेवटी म्हटलं, मरो ती गाडी, आणि त्याला माझ्या मोटारीत घातला. पूल ओलांडला नसेल, तो त्याचा श्वास अडकला. ओठ निळे गं! तशीच मागे फिरले. सँडगार्थची पाटी दिसली आणि हा गडी म्हणतो, जॉइस, चहा टाकतेस का?"

मला राग आला. या सगळ्यांनी मिळून बाबांना या ओल्या घरात बसवून ठेवलंय, असं वाटलं. मी म्हणाले, "मावशी, त्यांना फुप्फुसाचा आजार आहे. तुम्ही भलत्या गोष्टी त्यांच्या डोक्यात भरू नका."

"बरं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

त्या रात्री जेवताना मी बाबांशी सरळ बोलले. वरची खोली तुमच्यासाठी रंगवलीय, म्हटलं. खिडकीतून नदी दिसते, गरम पाणी आहे, वाउटर तुमच्याशी कोबीवर तासन्‌तास वाद घालायला तयार आहे. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. म्हटलं, "बाबा, आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. तुमच्या वेळी मला फोनवरून कळायला नकोय."

ते ताटातल्या सॉसेजचे बारीक बारीक तुकडे करत राहिले. "मलाही यायचंय गं, पोरी. या ओलीत मरायची मला काय हौस आहे? पण तिला विचारावं लागेल."

"विचारा मग."

"विचारतो."

सकाळी उठून पाहते, तर बाबा दाढी करून, लग्नातला कोट घालून, बॅगेवर बसलेले. मला रडूच आलं.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"काही बोलली नाही." त्यांनी टोपी नीट केली. "चल, निघू."

आम्ही लवकरच निघालो. लंडनला समुद्राखालची गाडी गाठायची होती, पण मी मध्ये भरपूर वेळ ठेवला होता, मी ठेवतेच. लख्ख ऊन पडलं होतं. धुकं असतं तर मी धुक्याला दोष दिला असता. फलाटावर आम्ही दोघंच. बाबा माझ्या डावीकडे, काठीवर रेलून. मी कडेला उभी, उजवा हात समोर.

गाडी वळणावर दिसली. मंदावली. मला ड्रायव्हरचा चेहरा दिसला, चष्मा दिसला. मग त्याने बरं म्हटल्यासारखा हात वर केला, गाडीने वेग घेतला आणि खिडक्या एकामागून एक आमच्यासमोरून निघून गेल्या.

"आंधळा आहे का मेला!" मी ओरडले.

बाबा बाकावर जाऊन बसले.

पुढची गाडी यायला बराच वेळ होता. आम्ही शेवाळाचा वास घेत बसून राहिलो. ती आली तेव्हा मी अगदी कडेला जाऊन दोन्ही हात हलवले. बाबा माझ्या मागे उभे राहिले. गाडी मंदावली, पुन्हा जराशी पळाली, पुन्हा मंदावली. चालवणाऱ्याचं काहीच ठरत नाहीये असं वाटावं, तसं. शेवटी चालायच्या गतीने ती आमच्यापर्यंत आली. ड्रायव्हरने खिडकी खाली केली आणि वैतागून ओरडला, "अहो बायांनो, आधी आपसात ठरवा! एक म्हणते थांब, एक म्हणते जा!"

आणि तो गेला.

मी हळूच उजवीकडे पाहिलं. फलाटाची रिकामी फरशी. तिच्यावर, माझ्या बुटांच्या अगदी शेजारी, पाण्याचे चारपाच थेंब पडलेले... पाहता पाहता आणखी एक पडला.

बाबांनी मला धरून बाकावर बसवलं. स्वतः धापा टाकत होते, तरी.

"मी आहे तोवर नाही थांबणार ती," ते म्हणाले. "तू जा."

"मी मावशींना बोलावते, मोटारीने..."

"नको. ती इथे हात दाखवत उभी राहणार आणि मी मागच्या रस्त्याने मोटारीतून पळून जाऊ? छप्पन्न वर्षांचा संसार आहे पोरी. असं नाही जमत मला. श्वासच पुरत नाही."

"मग मीही नाही जात."

"जा म्हणतो ना!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मग एकदम मवाळ झाले. माझा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेऊन चोळला, गार पडला होता तो. "तुझी आई वाईट नाही गं. तिला एकटीला भीती वाटते, एवढंच. मला धरून ठेवलंय तिने. तू इथे फार दिवस राहिलीस, तर तिला तुझीही सवय होईल. म्हणून म्हणतो, आजच जा. मी येईन मागून. या खेपेला हात मीच दाखवतो, बघ."

ते उठले, काठी टेकत फाटकाबाहेर गेले आणि रस्त्यावर, फलाटाकडे पाठ करून उभे राहिले. तिसरी गाडी आली. मी हात अर्धाच वर केला असेल. ती निमूट थांबली, मला आत घेतलं.

खिडकीतून पाहिलं. बाबा फाटकातून परत आत आले होते. बाकावर बसले. आधी मधोमध बसले होते. मग जरासे सरकले आणि शेजारी जागा करून दिली.

लंडनपर्यंत मी रडत होते. समुद्राखालच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, त्यांची. घरी पोचल्या पोचल्या फोन केला. त्यांचा आवाज छान होता. "उद्या बोलू," म्हणाले. "गाडी यायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी एक नोव्हेंबर. गेंटमध्ये त्या दिवशी सगळं शहर शेवंती घेऊन निघतं. आमच्या कोपऱ्यावरच्या थांब्यावर मी आणि वाउटर उभे होतो, दोघांच्या कवेत एकेक भली मोठी कुंडी, पांढरी शेवंती नाकातोंडात जात होती. भर दुपार, कोरडी हवा. थांब्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. दफनभूमीकडची बस वळणावर दिसली.

"हात दाखव ना," मी म्हणाले.

"कुठल्या हाताने?" वाउटर म्हणाला. "तू दाखव."

"माझ्याही हातात कुंडीच आहे."

आम्ही दोघं हसलो. किती दिवसांनी हसले मी! वाउटर कुंडी खाली ठेवायला वाकला, तेवढ्यात बस मंदावली. पुन्हा जराशी पळाली. पुन्हा मंदावली. माझं हसू तिथेच गोठलं. ती आमच्यासमोर येऊन थांबली आणि दार उघडलं.

ड्रायव्हर मिशीवाला, पोट सुटलेला, चांगलाच वैतागलेला. "काय हो, तुमच्या माणसांचं एकदा ठरू द्या की! आजोबा हात दाखवतायत, त्या हिरव्या रेनकोटवाल्या बाई 'जा जा' करतायत. मी कुणाचं ऐकायचं?"

वाउटरने मागे वळून पाहिलं. मी नाही पाहिलं. माझ्या कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. हात रिकामे नव्हते, पण कुणाचा असणार हे मला कळलं होतं. जॉइसमावशी उगाच फोन करत नाहीत.

"या आजोबा, सावकाश," ड्रायव्हर म्हणाला. त्याची नजर दारातून पायरी पायरीने वर चढत आतपर्यंत गेली. "हां, बसा तिथे, खिडकीशी." मग तो माझ्याकडे वळला. "चला, आता तुम्ही."

मी पाऊल उचललं. ते पुढे पडेना.

ड्रायव्हरच्या कपाळाला आठी पडली. तो माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या खांद्याच्या जरा मागे पाहत होता. "अहो बाई," तो तिकडे पाहून म्हणाला, आता बराच हळू आवाजात, "सोडा की त्यांचा हात..."

कुंडी खाली पडून फुटली. वाउटरने मला कमरेला धरून बसमध्ये ओढलं. दार मिटलं. फोन मी नंतर घेतला. बाबा बाकावर बसल्या बसल्या गेले होते, हात समोर धरलेला. मावशी म्हणाल्या, त्या दिवशी पहिल्यांदाच सँडगार्थला गाडी त्यांच्यासाठी थांबली.

आता हा ऑक्टोबर. घर विकायचं आहे, एकदा जाऊन यावं लागेल. वाउटर रोज विचारतो, तिकिटं काढू का, आणि मी रोज उद्यावर ढकलते. माझा त्या दिवशीचा कोट वरच्या रंगवलेल्या खोलीत टांगून ठेवलाय, खाली बादली ठेवून. वर्ष झालं. उन्हाळाभर तो उन्हात होता. त्याची उजवी बाही अजून वाळलेली नाही.